उपाशी ठेवायच्या कुंड्या

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

तुझ्या कुंड्या जिवंत आहेत. मीही आहे. तू विचारलं नाहीस म्हणून आपणहून कळवतो.

पत्र लिहितोय म्हणून हसू नकोस. फोनवर तू "हं" म्हणतेस, "बघते" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदावर निदान माझं वाक्य पुरं होतं. वाचायचं नसेल तर फाडून टाक. मला ते दिसणार नाही, एवढंच समाधान.

तर तुझी गॅलरी. माझीही होती ती कधीकाळी, सकाळचा चहा मी तिथे घ्यायचो. आता तिथे पाऊल टाकलं की चिलटांचा लोट उठतो. चहात पडतात. काल एक तोंडात गेलं, अगदी घशापर्यंत! कुंड्यांखालच्या ताटल्यांत काळं पाणी साचतं आणि त्याला आठवडाभर न धुतलेल्या पायपुसण्याचा वास येतो. वाटाण्याच्या मातीवर पांढरी, केसाळ बुरशी धरलीय. मक्याच्या कुंडीतून गोगलगाय निघाली आणि भिंतीवर चिकट रेघ ओढत थेट खिडकीपर्यंत गेली. मला शिसारी आली. मी इस्पितळाच्या चादरी धुणारा माणूस आहे, त्यांवर काय काय असतं ते तुला ठाऊक आहे. पण त्या चादरी येतात आणि जातात. ही घाण माझ्या घरात मुक्कामाला आहे.

ताई आलीय राहायला. नणंदेचं आणि तुझं कधी पटलं नाही, तरी सांगतो, तिनं पहिल्याच दिवशी नाकाला रुमाल लावला. "बायको गेली ती गेली, वर तुला चिखल देऊन गेली?"

"तिच्या कामाचा आहे. माणसांची नाही, मातीची डॉक्टर आहे ती," मी म्हटलं.

"मग कामावर घेऊन जायचा!"

आता तिला काय सांगू? तुमच्या त्या नव्या केंद्रात बाहेरची माती परवान्याशिवाय आत घेत नाहीत, म्हणून ती इथे आहे. ज्या शेतातून तू ती उकरून आणलीस ते शेत तुमच्या जुन्या संस्थेनं वाहनतळाला देऊन टाकलं, त्यावर डांबर पडलं, आणि आता त्या शेतातले जिवाणू उरलेत ते फक्त या कुंड्यांत. सांगितलं तिला हे सगळं. ती म्हणाली, "मग बरणीत भरून ठेव, झाकण लाव." मी म्हटलं, बरणीत एकेक जात मरत जाते, मूळ जिवंत असलं तरच त्याच्या भोवतीचे जगतात. बघ, किती पढवून ठेवलंयस मला.

फ्रिजच्या भांडणाबद्दल मला अजूनही वाटतं की मी बरोबर होतो. दुधाच्या पातेल्याला खेटून मातीसकट मुळं ठेवल्यावर कुठला नवरा गप्प बसेल? "एक तर ही माती या घरात राहील, नाहीतर मी," असं म्हणालो, मान्य. पण माणूस असं म्हणतो तेव्हा समोरच्यानं थोडं रडायचं असतं, थोडं भांडायचं असतं. तू सरळ बॅग भरलीस. आणि माती इथेच ठेवलीस. आता घरात मीही आहे आणि मातीही आहे. नाहीस ती तू.

पाणी घालतो. दुसरं काही घालत नाही. "उपाशी ठेव, उपाशी असल्या की सगळे कामाला लागतात," असं म्हणाली होतीस. माझ्याबाबतीत तुझं धोरण तेच होतं.

लॉन्ड्रीवाला


१९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

उत्तर नाही. ठीक.

तुझी झाडं पिवळी पडताहेत. चवळीची खालची पानं अशी दिसतात, जशी वर्षभर घातलेल्या शर्टाची कॉलर. मका तर पार फिका. मला पिवळेपणा बघवत नाही. गिऱ्हाईक पांढरा शर्ट पिवळा करून आणतं तेव्हा मी त्याला तोंडावर सांगतो, अहो, अंगावर घालता की त्यानं अंग पुसता? तोच पिवळेपणा आता माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी काय करायचं, तर नुसतं पाणी घालायचं!

तुझ्या जुन्या संस्थेतल्या मायक्रोस्कोपबाई येऊन गेल्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या, पण हात धुतात आणि माझ्या टॉवेलला पुसतात, नखांतली माती तशीच. त्यांना विचारलं, हे असं पिवळं चालतं का?

"चालतं भाऊजी. थोडी भूक हवीच."

"मरतील."

"नाही मरत. तुम्ही काळजी करू नका."

काळजी! मी काळजी करत नाही, मला किळस येते. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांनी चवळीचं एक रोप उपटलं, बागवानाच्या थाटात झटकलं, सुटी माती खाली पडू दिली आणि मुळाला चिकटून राहिलेली तेवढीच ब्रशनं नळीत घेतली. "कामाची हीच," म्हणाल्या, "पडलेली टाकून द्या." टाकून द्या म्हणजे माझ्या फरशीवर. मुळांवर गाठी होत्या, कुणाच्या मानेवर मस असावेत तशा. त्यांनी नखानं एक गाठ फोडली. आत लाल. मांसासारखी लाल! "बघा, काम चालू आहे," असं त्या कौतुकानं म्हणाल्या, आणि मी सकाळचा नाश्ता कसाबसा पोटात ठेवला.

त्या गेल्यावर मी जरा मेहनत घेतली कुंड्यांवर. काय केलं ते विचारू नकोस. आल्यावर बघशील तेव्हा तोंडात बोटं घालशील.

लॉन्ड्रीवाला


११ मार्च

डॉक्टरीणबाई,

फोटो मिळाला ना? मग!

कशी हिरवी झालीत बघ. मक्याची पानं नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखी ताठ. ताईसुद्धा गॅलरीत उभी राहून म्हणाली, आता जरा माणसांच्या घरासारखं दिसतंय. समोरच्या इमारतीतला शिंपी खिडकीतून ओरडून विचारतो, "काय घालता हो?" मी नुसता हसतो.

तुला सांगायला आता हरकत नाही. बियाण्यांच्या दुकानातून युरिया आणला. पांढरेशुभ्र दाणे, बघूनच बरं वाटलं. त्या काळ्या पसाऱ्यात तेवढीच एक स्वच्छ वस्तू. कुंडीमागे मूठभर दिला, वर पाणी. कुठलीही कुंडी वगळली नाही, माझ्याकडे दुजाभाव नसतो. आठवड्यात फरक! तुम्ही इतकी वर्षं त्या झाडांना उपाशी ठेवून काय मिळवलंत देव जाणे.

फोटोवर तुझं उत्तर आलं. महिनाभरानंतर पहिलं उत्तर, आणि दोन शब्दांचं. "मुळं बघ."

बघितली. वर्तमानपत्र अंथरलं, हातमोजे घातले, चवळीची दोन रोपं काढून बादलीत खळखळून धुतली. सांगू? इतकी सुंदर मुळं मी पाहिली नव्हती. पांढरी, लांब, सडसडीत. ते किळसवाणे मस गेले. एखाददुसरी गाठ राहिलीय, ती बोटानं दाबली तर हिरवट पाणी निघालं आणि गळून पडली. बाकी सगळं साफ.

कळवतो म्हणून कळवलं. आता तरी चार ओळी लिही.

लॉन्ड्रीवाला


१३ मार्च

मायक्रोस्कोपबाई आल्या होत्या. तूच पाठवलंस हे उघड आहे. दार उघडल्याबरोबर चप्पल न काढता त्या आत शिरल्या आणि सरळ गॅलरीत गेल्या. हिरव्या झाडांसमोर उभ्या राहिल्या. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"भाऊजी, सगळ्यांना घातलंत?"

"हो."

"एकही सोडली नाहीत?"

"का, काय झालं? हिरवी झाली ना?"

त्यांनी माझ्या खुर्चीवर बसकण मारली, त्याच मातीच्या हातांनी डोकं धरलं. मी खुर्ची पुसायला फडकंसुद्धा आणलं नाही, यावरून समज माझी काय अवस्था झाली असेल.

मग त्यांनी सांगितलं, आणि मी पहिल्यांदा नीट ऐकलं. झाडाला नत्र हवं असतं, हवेत ते भरपूर असतं, पण झाडाला हवेतून घेता येत नाही. हे जिवाणू ते घेऊन देतात. बदल्यात झाड त्यांना मुळातून साखर पाजतं. कुणी मुळाच्या आत गाठीत घर करतं, कुणी बाहेरून चिकटून राहतं, कुणी जवळच्या मातीत सुटं फिरतं. कुणी थंडीत काम करतं, कुणी उन्हाच्या तडाख्यात, कुणी माती सुकली तरी तग धरतं. एक थकलं की दुसरं असतं, म्हणून त्या शेतात कधी वरून काही घालावं लागलं नाही. तू इतकी वर्षं तेच धरून बसली होतीस की नुसते किती आहेत हे महत्त्वाचं नाही, किती तऱ्हांचे आहेत ते महत्त्वाचं.

"आणि तुम्ही झाडाला आयतं ताट वाढलंत," बाई म्हणाल्या. "मग ते यांना कशाला पोसेल? डबा बंद केला त्यानं."

"म्हणजे मेले?"

"सगळे नाही मेले. पण जे अवघड होते, नाजूक होते, जे तिला दुसरीकडे कुठे सापडले नव्हते... भाऊजी, मी तपासते. पण आशा धरू नका."

मी म्हटलं, परत शेतातून आणू. तोंडातून गेलं आणि मग आठवलं.

आता तुझ्यावर ओरडतो, कारण इथे ओरडायला दुसरं कुणी नाही. हे तू मला का सांगितलं नाहीस? "उपाशी ठेव" ही काय सांगायची पद्धत झाली? मी काय तुझा विद्यार्थी आहे, की सांगितलं तेवढं करायचं, का ते विचारायचं नाही? माझ्या दुकानात नवीन माणूस आला तर मी त्याला पाच मिनिटं उभं करून सांगतो, रेशमाला गरम पाणी लावलं तर काय होतं ते. तू मला पाच मिनिटं दिली नाहीस. मी तुझं काय घोडं मारलं होतं?

पाच मिनिटांची ती ओळ परत वाचली. तू सांगत होतीस, मला आठवतंय. मी हाताला साबण लावत होतो.

मला माझी किळस येतेय. चिलटांची यायची तशी नाही. चिलट हातानं वारता येतं.


३० मार्च

तू लिहिलंस, "ते शेत आता नाही, हे तुला माहीत होतं." एवढंच. बरं केलंस जास्त लिहिलं नाहीस.

मी तिथे गेलो होतो. कशाला, ते विचारू नकोस, मला घरात बसवेना. डांबर बघितलं. गाड्या चकाचक उभ्या, पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या. आधी आलो असतो तर म्हटलं असतं, चला, काहीतरी नीटनेटकं केलं या लोकांनी. आता त्याचीच किळस आली. इतकं काळंभोर, सपाट, आणि आत एक मूळ नाही.

रखवालदार विचारायला आला, गाडी कुठली तुमची? मी म्हटलं, गाडी नाही, बायकोचं शेत होतं इथे. त्याला वाटलं तुझ्या बापाची जमीन गेली. फार हळहळला. मी ते खोडून काढलं नाही, कारण त्यामुळे त्यानं मला मागच्या कुंपणापर्यंत जाऊ दिलं.

कुंपणामागे त्यांच्या स्वच्छतागृहाचं पाणी जातं. वर्णन करत नाही. तुला वाटत असेल लॉन्ड्रीवाला नेहमीचं रडगाणं गातोय, तर नाही, या वेळी मी डोळे मिटून श्वास तोंडानं घेत होतो. त्या पाण्याच्या पलीकडे, डांबर आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, चवळी उगवलीय. कुणी लावलेली नाही. तुमच्या शेतातल्या शेंगा फुटून पडल्या असतील त्या उगवल्या. पिवळी आहे, बारीक आहे, कुणी युरिया घातलेला नाही.

मी पँट दुमडली. नंतर दुमडण्याचा उपयोग नाही हे कळलं. गुडघ्यापर्यंत त्या पाण्यातून गेलो. पाय सरकला, हात टेकला, हात कोपरापर्यंत आत गेला, आणि आत काहीतरी मऊ होतं ते मी अजून विसरू शकलो नाही. हातमोजे आणले नव्हते. बोटांनी उकरलं. रोप ओढलं तर मूळ तुटतं, हे मला तिसऱ्या रोपाला समजलं, मग बाजूनं खणायला लागलो. मुळं बाहेर आली. धुतली नाहीत. झटकली, चिकटून राहिली तेवढी माती राहू दिली, आणि रुमाल ओला करून त्यात गुंडाळली.

घरी येताना लोक बाजूला सरकत होते. ताईनं दार उघडलं आणि बंद केलं. खरंच बंद केलं गं. जिन्यावर उभा होतो.

त्या मुळांची माती नव्या कुंड्यांत घालून मी वर चवळीचं बी लावलं आहे. पाणी घालतो. दुसरं काही नाही. मायक्रोस्कोपबाई थोडी माती तपासायला घेऊन गेल्या. तू परवान्याचं बघ. मी हे तुझ्यासाठी ठेवतोय.


५ मे

तुझं पत्र मिळालं. इतकं मोठं पत्र तू मला लग्नाआधीसुद्धा लिहिलं नव्हतंस, म्हणून दोनदा वाचलं.

परवाना आलाय आणि आता आणण्यासारखं काही उरलं नाही, हे तू शांतपणे लिहिलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. जुन्या कुंड्यांतले बरेच प्रकार गेले, हे बाईंनी मलाही सांगितलं होतं, पण तुझ्या हस्ताक्षरात वाचल्यावर कागद घडी करून ठेवला आणि परत उघडला. आणि कुंपणामागची माती तुझ्या शेताची नाही, सांडपाण्याची आहे, त्यात तुझ्या ओळखीचे थोडेच आहेत, बाकी भलतेच, त्यामुळे ती तुझ्या कामाची नाही, हेही समजलं. तू तिकडेच राहणार, कुंड्यांचं मी हवं ते करावं, हे तर अगदी स्पष्ट लिहिलंयस. मी वाद घालत नाही. परत ये म्हणून हे लिहीत नाही.

कुंड्या टाकून देणार होतो. ताईनं पोतं आणून दिलं, हातही लावायला तयार झाली, म्हणजे बघ. कुंपणामागच्या मातीची कुंडी आधी उचलली. वास तोच, मेला. चिलटं तीच. ताटलीतलं पाणी पायावर सांडलं आणि मी शिवी घातली. मग पोत्यात ओतण्याआधी एक रोप काढून बघितलं, बाजूनं खणून, मूळ न तोडता. कशासाठी बघितलं, मला ठाऊक नाही.

गाठी आल्यात. लहान आहेत, वेड्यावाकड्या, सगळ्या एका आकाराच्याही नाहीत. नखानं एक फोडली. शहारे आले, दात दाताला लागले, तरी फोडली. आत लाल आहे.

तुझे नाहीत, मान्य. गटारातले असतील. पण काम करतायत. पोतं परत दिलं.

ताईला दाखवायला आत गेलो, बोटावर तशीच धरून. ती म्हणाली, "आधी हात धू." मग तू सोडून हे दुसऱ्या कुणाला सांगू?